हॅगलर ती लढत खरोखर हरला होता का?

प्रश्न असा आहे: अमेरिकेचा मिडलवेट जगज्जेता बॉक्सर मार्व्हिन हॅगलर जाऊन काही वर्षे लोटली, तरी बॉक्सिंगच्या जुन्या चाहत्यांमध्ये त्याचा विषय निघाला की त्याचे प्रतिस्पर्धी लेनर्ड, हर्न्स किंवा ड्युरान यांच्याबद्दल बोलताना न जाणवणारी एक हळहळ त्यांच्या बोलण्यात का उमटते, आणि १९८७ साली लेनर्डविरुद्धचा विजय त्याच्याकडून खरोखरच हिरावून घेतला गेला होता का?

मी एकतीस वर्षे जिल्हा पातळीवर मुलांना बॉक्सिंग शिकवले आणि त्यांतील बरीच वर्षे हौशी स्पर्धांमध्ये रिंगच्या कडेला बसून गुण देण्याचे कामही केले. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी चाहता म्हणून देईन आणि दुसऱ्याचे जज म्हणून. ही दोन उत्तरे एकमेकांशी पूर्णपणे जुळत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या मते ती लढत हॅगलर हरला होता, थोडक्यात हरला होता, आणि त्या पराभवात जजांपेक्षा त्याच्या स्वतःच्या पहिल्या चार फेऱ्यांचा हात मोठा होता. तरीही चाहत्यांची हळहळ मला खोटी वाटत नाही, कारण तिचा उगम त्या रात्रीत नसून त्याच्या कितीतरी आधीच्या वर्षांत आहे. (खेळाडूला एकेरीत संबोधण्याची आपल्याकडची आपुलकीची रीत मी येथे पाळली आहे. अनादराचा प्रश्नच नाही.)

हॅगलरचा जन्म २३ मे १९५४ रोजी न्यू जर्सीमधील न्यूआर्क येथे झाला. १९६७ साली त्या शहरात मोठी दंगल उसळली आणि पुढच्या काही काळात त्याच्या आईने मुलांना घेऊन मॅसेच्युसेट्समधील ब्रॉक्टन हे गाव गाठले. ब्रॉक्टन म्हणजे रॉकी मार्सियानोचे गाव; ४९ लढती खेळून एकही न हरता निवृत्त झालेल्या त्या हेवीवेट विजेत्याचे नाव तिथे घरोघरी होते. हॅगलर मात्र बॉक्सिंगकडे वळला तो मार्सियानोच्या पुण्याईने नव्हे, तर एका अपमानामुळे, अशी कथा सांगितली जाते. गावातल्या एका बॉक्सर मुलाने त्याला मित्रांसमोर बदडले आणि त्याचे जाकीटही काढून घेतले, तेव्हा हा पोरगा गूडी आणि पॅट पेट्रोनेली या भावांच्या व्यायामशाळेत जाऊन उभा राहिला. पेट्रोनेली बंधूंचा बांधकामाचा व्यवसाय होता, त्यात हॅगलर दिवसा मजुरी करी आणि संध्याकाळी सराव करी. ही माणसे त्याच्या पहिल्या लढतीपासून शेवटच्या लढतीपर्यंत त्याच्या कॉर्नरमध्ये, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यात त्याला सांभाळणाऱ्या चमूत, राहिली. या धंद्यात पैसा दिसू लागला की प्रशिक्षक आणि व्यवस्थापक कपड्यांसारखे बदलले जातात, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना या एका गोष्टीची किंमत कळेल.

१९७३ साली त्याने १६५ पौंडी गटात अमेरिकेचे राष्ट्रीय हौशी विजेतेपद मिळवले आणि त्याच महिन्यात तो व्यावसायिक झाला. मिडलवेटची मर्यादा १६० पौंड, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेबहात्तर किलोंच्या किंचित वर. त्या एका वजनगटात तो शेवटपर्यंत राहिला. ड्युरान, हर्न्स आणि लेनर्ड हे तिघे चार-चार, पाच-पाच वजनगटांत विजेतेपदाचे पट्टे गोळा करीत फिरले. हॅगलर आपल्या जागेवर उभा राहिला आणि ज्याला यायचे असेल त्याने यावे, असे म्हणाला. चाहत्यांच्या मनात त्याची जी प्रतिमा आहे, तिचा पाया मला या उभे राहण्यात दिसतो.

पण त्या जागेवर अधिकृतपणे पोहोचायला त्याला सात वर्षे लागली. माजी हेवीवेट विजेता जो फ्रेझरने त्याला सुनावले होते म्हणतात की तुझ्याविरुद्ध तीन गोष्टी आहेत: तू काळा आहेस, तू डावखुरा आहेस आणि तू चांगला आहेस. यातील दुसरी गोष्ट सामान्य वाचकाला गमतीची वाटेल, म्हणून थोडे थांबून सांगतो. बहुतेक बॉक्सर डावा पाय पुढे ठेवून उभे राहतात. त्यांचा डावा हात जॅबसाठी, म्हणजे झटपट सरळ ठोशासाठी, आणि मागचा उजवा हात जोरकस ठोशासाठी. डावखुरा बॉक्सर उजवा पाय पुढे ठेवतो. हे दोघे समोरासमोर आले की त्यांचे पुढचे पाय एकमेकांच्या वाटेत येतात, आणि ज्याचे पाऊल प्रतिस्पर्ध्याच्या पावलाच्या बाहेरच्या बाजूला पडेल त्याच्या मागच्या हाताला सरळ रेषा मोकळी मिळते. उजव्या बॉक्सरला अशा प्रतिस्पर्ध्याचा सराव कमी असतो, तर डावखुऱ्याला मात्र रोज उजव्यांशीच खेळावे लागते. म्हणून विजेत्यांचे व्यवस्थापक डावखुऱ्यांना टाळत. हॅगलरची अडचण त्याहून मोठी होती, कारण तो गरजेनुसार दोन्ही बाजूंनी खेळू शकत होता. ठोशांच्या मालिकेच्या मधोमध मागचा पाय पुढे टाकून तो बाजू बदलायचा, आणि समोरच्याला ठोसा कुठून येतो आहे हे कळेपर्यंत तो लागलेला असायचा. अशा माणसाला हरवून फारसा पैसा मिळत नाही आणि हरलो तर सगळेच जाते. मग त्याच्याशी कोण खेळणार?

त्यामुळे त्याला फिलाडेल्फियाला जावे लागले. सत्तरच्या दशकात त्या शहरात मिडलवेट बॉक्सरांची एक अख्खी पिढी एकाच वेळी खेळत होती आणि बाहेरून येणाऱ्यांची तिथे गय केली जात नसे. १९७६ च्या जानेवारीत बॉबी वॉट्सविरुद्ध तो गुणांवर हरला, हा निकाल पाहणाऱ्यांपैकी अनेकांना पटला नव्हता; मार्चमध्ये विली मन्रोविरुद्ध हरला, आणि तो पराभव मात्र खरा होता, हे त्याने स्वतः मान्य केले. पुढे त्याने मन्रोला दोनदा आणि वॉट्सला एकदा वेळेआधी संपवले. युजीन हार्टला हरवले, बेनी ब्रिस्कोला हरवले. माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी त्याच्या कारकिर्दीचा हा भाग सांगतो, आणि त्यांना नेमका हाच भाग ऐकायचा नसतो, त्यांना हर्न्सची पहिली फेरी पाहायची असते. पण बॉक्सर घडतो तो अशा अनोळखी गावांतल्या, कमी पैशांच्या, परक्या प्रेक्षकांसमोरच्या लढतींत. त्याच्या संपूर्ण कारकिर्दीचा आकडा ६७ लढती, ६२ विजय, ३ पराभव, २ बरोबरी असा आहे आणि त्या विजयांपैकी ५२ नॉकआउट आहेत. त्या तीन पराभवांपैकी दोन या एकाच शहरात, दोन महिन्यांच्या आत झाले.

विजेतेपदाची लढत मिळावी म्हणून शेवटी राजकारण्यांना मध्ये पडावे लागले. मॅसेच्युसेट्सचे टिप ओनील आणि टेड केनेडी यांनी त्याच्यासाठी शब्द टाकला. ती संधी ३० नोव्हेंबर १९७९ रोजी लास वेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये आली. समोर विजेता विटो अँटुओफर्मो. पंधरा फेऱ्या झाल्या, पहिल्या अर्ध्या भागात हॅगलरने त्याला सुरेख खेळवले, नंतर तो काहीसा जपून खेळू लागला, आणि निकाल लागला बरोबरीचा: एका जजने हॅगलरला, दुसऱ्याने अँटुओफर्मोला आणि तिसऱ्याने दोघांना समान गुण दिले. बरोबरी झाली की पट्टा विजेत्याकडेच राहतो. निकाल जाहीर होण्यापूर्वी रेफरीने आपले अभिनंदन केले होते, असे हॅगलर पुढे सांगत असे.

त्याच रात्री, त्याच रिंगमध्ये, त्यानंतरच्या मुख्य लढतीत एका तेवीस वर्षांच्या देखण्या मुलाने विल्फ्रेड बेनिटेझला हरवून आपले पहिले जागतिक विजेतेपद मिळवले. माँट्रियल ऑलिंपिकचे सुवर्णपदक त्याच्या गळ्यात आधीच होते, दूरचित्रवाणीचा तो लाडका होता आणि त्या रात्रीची त्याची कमाई हॅगलरच्या कैक पट होती. त्याचे नाव शुगर रे लेनर्ड. पुढे जो वाद घडला त्याचे बीज कुठे पडले असे कोणी विचारले, तर मी १९८७ सांगत नाही. मी ही रात्र सांगतो.

पट्टा अखेर २७ सप्टेंबर १९८० रोजी लंडनच्या वेम्बली अरीनात मिळाला. इंग्लंडचा ॲलन मिंटर तेव्हा विजेता होता आणि लढतीच्या आधीपासूनच वातावरणाला वांशिक द्वेषाचा वास येत होता. हॅगलरने तीन फेऱ्यांत मिंटरचा चेहरा असा फोडला की रेफरीला लढत थांबवावी लागली. त्यानंतर प्रेक्षकांतून बिअरच्या बाटल्या आणि डबे रिंगमध्ये येऊ लागले. पेट्रोनेली बंधूंनी त्याला स्वतःच्या अंगाखाली झाकले आणि पोलिसांच्या कड्यातून त्याला आत नेण्यात आले. रिंगच्या मधोमध उभे राहून कमरेला पट्टा बांधून घेण्याचा तो क्षण, ज्यासाठी बॉक्सर आयुष्य काढतो, त्याला मिळालाच नाही. सात वर्षे वाट पाहायला लावून, एकदा तोंडाशी आलेला घास काढून घेऊन, शेवटी दिले ते असे. चाहत्यांच्या मनातले खाते येथे उघडते, आणि त्यात खेळाच्या नावावर बाकी दाखवलेली आहे.

यानंतरची साडेसहा वर्षे मी भराभर सांगतो, कारण त्यांची माहिती सर्वत्र मिळते. बारा वेळा त्याने विजेतेपद राखले. ओबेलमेहियास, पुन्हा अँटुओफर्मो, हाम्शो, मग विल्यम ली, जो सदुसष्ट सेकंदांत संपला. १९८३ च्या फेब्रुवारीत बाहेर हिमवादळ सुरू असताना वूस्टरमध्ये टोनी सिब्सनला त्याने सहा फेऱ्यांत नमवले, आणि उजव्या हाताचा जॅब म्हणजे काय हे ज्याला शिकायचे असेल त्याने त्या लढतीचे चित्रीकरण पाहावे, असे मी आवर्जून सुचवीन. १९८२ मध्ये ‘मार्व्हलस’ हे विशेषण उच्चारायला निवेदक कुरकुर करतात म्हणून त्याने न्यायालयात जाऊन ते आपल्या नावातच घालून घेतले. संपूर्ण कारकिर्दीत तो एकदाच खाली पडल्याची नोंद आहे, १९८४ मध्ये हुआन रोल्दानविरुद्ध, आणि चित्रीकरण पाहिले तर ते पडणे ठोशापेक्षा ढकलण्याने झाले असे माझे मत आहे. रोल्दानला त्याने दहाव्या फेरीत थांबवले.

त्याच्या सरावाबद्दल मात्र चार ओळी लिहायलाच हव्यात. लढत ठरली की तो केप कॉडच्या टोकाला प्रॉव्हिन्सटाउन या समुद्रकाठच्या गावी, तेही पर्यटक निघून गेल्यावरच्या थंडीत, जाऊन राहायचा आणि त्या मुक्कामाला तुरुंग म्हणायचा. लष्करी बूट घालून वाळूच्या टेकड्यांवर धावायचा, काही अंतर उलटे धावायचा. रेशमी कपड्यांत झोपणाऱ्या माणसाला पहाटे पाचला उठून धावणे जड जाते, अशा अर्थाचे त्याचे एक वाक्य प्रसिद्ध आहे, आणि ते आमच्याकडच्या प्रत्येक व्यायामशाळेत कुणी ना कुणी भिंतीवर लिहिलेले असते. ते लिहिणारी बहुतेक मुले साडेसातला उगवतात, ही वेगळी गोष्ट.

आता दोन लढती शेजारी-शेजारी ठेवतो, कारण लेनर्डविरुद्ध काय घडले ते यांच्याशिवाय कळत नाही. पहिली १० नोव्हेंबर १९८३ ची रॉबेर्तो ड्युरानविरुद्धची. ड्युरान मुळात लाइटवेट, उंचीने आणि हाडापेराने लहान, वयही झालेले. पण रिंगमधली त्याची अक्कल अफाट होती. सगळ्यांना वाटले हॅगलर त्याला चिरडून टाकील. प्रत्यक्षात हॅगलर पंधरा फेऱ्या विचार करीत राहिला. ड्युरान फसवा ठोसा दाखवी, हा थांबे. ड्युरान हुलकावणी देई, हा पुन्हा पवित्रा जुळवी. तेराव्या फेरीअखेर ड्युरान थोडासा पुढे होता आणि शेवटच्या दोन फेऱ्या जोर लावून जिंकल्यामुळे हॅगलरचा पट्टा वाचला.

दुसरी १५ एप्रिल १९८५ ची, टॉमी हर्न्सविरुद्धची. प्रसिद्धी दौऱ्यात हॅगलर ‘वॉर’, म्हणजे युद्ध, असा शब्द लिहिलेली टोपी घालून फिरला होता आणि घंटा वाजताच त्याने तो शब्द खरा केला. हर्न्स सहा फूट एक इंच उंच, लांब हातांचा, उजव्या हाताच्या एका ठोशात माणूस झोपवणारा. अशा बॉक्सरशी अंतर ठेवून खेळणे म्हणजे आत्मघात, हे हॅगलरने ओळखले आणि पहिल्या सेकंदापासून तो आत घुसला. पहिल्या फेरीच्या त्या तीन मिनिटांत दोघांनीही बचाव जवळजवळ सोडून दिला होता. हर्न्सचा उजवा हात हॅगलरच्या डोक्यावर आदळून मोडला, हॅगलरच्या कपाळावर चीर पडून रक्त वाहू लागले. तिसऱ्या फेरीत रेफरी रिचर्ड स्टील यांनी लढत थांबवून डॉक्टरांकडून जखम तपासून घेतली, आणि आता लढत हातची जाईल हे कळताच हॅगलरने हर्न्सला गाठून उजव्या हाताने आडवे केले. सगळे मिळून आठेक मिनिटे.

ही लढत मी प्रथम पाहिली ती घडल्यानंतर दोन-अडीच वर्षांनी. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ आखातातून सुट्टीवर येताना तिची कॅसेट घेऊन आले होते. आम्ही सहा जणांनी वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणला आणि ती आठ मिनिटे पहाटेपर्यंत पुन्हा पुन्हा पाहिली. पहिल्यांदा पाहताना मला फक्त दोन माणसे एकमेकांना मारताना दिसली. सातव्या-आठव्या वेळी हॅगलरचे पाय दिसू लागले: तो आंधळेपणाने धावत नव्हता, प्रत्येक वेळी हर्न्सच्या उजव्या हाताच्या आतल्या बाजूला पाऊल टाकत होता, जिथे लांब हाताला ताकद उरत नाही. बेभान वाटणाऱ्या त्या हल्ल्यात एवढा हिशेब होता. तेव्हापासून मी मुलांना ती लढत आवाज बंद करून आणि पायांकडे पाहत दाखवतो, आणि तिची नक्कल करायला सक्त मनाई करतो.

तर हॅगलर दोन होते. ताकदीशी गाठ पडली की तो ताकदीच्या आत शिरायचा. बुद्धीशी गाठ पडली की तो स्वतःही बुद्धीने खेळू पाहायचा आणि त्यात मंदावायचा. रिंगच्या कडेला बसून हे ओळखणारा माणूस लेनर्ड होता. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने बाल्टिमोरमध्ये मोठा समारंभ करून हॅगलरला पाहुणा म्हणून बोलावले होते. दोघांची लढत जाहीर होईल अशी अपेक्षा असताना लेनर्डने डोळ्याच्या पडद्याच्या दुखापतीमुळे निवृत्ती जाहीर केली आणि हॅगलर तसाच परतला. मग १० मार्च १९८६ रोजी जॉन मुगाबी या युगांडाच्या जबरदस्त ठोसेबाजाने हॅगलरला अकरा फेऱ्या झुंजवले. हॅगलर जिंकला, पण त्याचे पाय जड झाले आहेत हे प्रेक्षकांत बसलेल्या लेनर्डला दिसले आणि आपण याला हरवू शकतो असे त्याने ठरवले. तोवर चार वर्षांत तो एकच लढत खेळला होता.

वाटाघाटींत लेनर्डच्या बाजूने तीन गोष्टी मागून घेतल्या: मोठी रिंग, दहा औंसांचे हातमोजे आणि बारा फेऱ्या. बदल्यात हॅगलरला पैशाचा मोठा वाटा मिळाला. पळता येईल अशी जागा, ठोशाची धार बोथट करणारे मोजे आणि उशिरा तापणाऱ्या माणसाकडून काढून घेतलेल्या तीन फेऱ्या: खरे तर लढतीचा अर्धा निकाल त्या टेबलावरच लागला होता. हे मान्य करणाऱ्या कॉर्नरला मी शहाणा म्हणू शकत नाही, मग पेट्रोनेलींबद्दल मनात कितीही आदर असो.

६ एप्रिल १९८७, पुन्हा सीझर्स पॅलेस. हॅगलर रिंगमध्ये आला आणि डावा पाय पुढे ठेवून, उजव्या बॉक्सरच्या पवित्र्यात उभा राहिला. आयुष्यभर ज्या डावखुरेपणाने प्रतिस्पर्धी गोंधळले, ते कोडे त्याने स्वतःच सोडवून लेनर्डच्या हाती दिले. आपणही निव्वळ कौशल्याने खेळू शकतो हे दाखवण्याची ती ईर्ष्या असावी, असे मला वाटते. पहिल्या फेऱ्यांत त्याचा डावा जॅब हवेत राहत होता आणि लेनर्ड दोन-तीन ठोसे मारून बाजूला सरकत होता. माझ्या कागदावर पहिल्या चारही फेऱ्या लेनर्डच्या आहेत. मग हॅगलर आपल्या मूळ पवित्र्यावर आला, पाचव्या फेरीच्या अखेरीस त्याच्या अपरकटने, म्हणजे खालून वर आलेल्या ठोशाने, लेनर्ड हादरला, आणि सातवी ते दहावी या सलग फेऱ्या मी हॅगलरला देतो. नवव्या फेरीत त्याने लेनर्डला कोपऱ्यात कोंडले होते आणि तिथून लेनर्ड ठोशांची बरसात करीत बाहेर पडला; त्या फेरीचे गुण कुणाला द्यायचे यावरून आजही भांडणे होतात.

येथे गुण देण्याची पद्धत समजून घ्यावी लागते. व्यावसायिक लढतीत प्रत्येक फेरी स्वतंत्र असते. जिंकणाऱ्याला दहा आणि हरणाऱ्याला बहुधा नऊ. एखादी फेरी तुम्ही केसभर फरकाने जिंका की हातभर, जजच्या गुणपत्रिकेवर फरक तोच एक गुणाचा. जज काय पाहतो, तर स्वच्छ लागलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, बचाव, आणि रिंगवर कोणाची हुकूमत आहे ते. यातला ‘परिणामकारक’ हा शब्द चाहते विसरतात. हॅगलर सतत पुढे चालत होता हे खरे, पण पुढे चालण्याला गुण नाहीत; पुढे चालत जाऊन ठोसा लागला तर गुण आहेत. लेनर्डने याच्या उलट बाजूचा फायदा उठवला. प्रत्येक फेरीच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात तो झटपट ठोशांची माळ लावायचा. त्यातले बरेच हातमोज्यांवर आणि दंडांवर आदळत होते, पण प्रेक्षक ओरडत होते आणि जजही माणूसच असतो. फेरी संपताना जे दिसते ते लेखणी उचलताना ताजे असते. याला लबाडी म्हणावे की कौशल्य? मी माझ्या मुलांना हे शिकवले आहे, तेव्हा लबाडी म्हणण्याचा अधिकार मी गमावला आहे.

तीन जजांपैकी लू फिलिपो यांनी ११५-११३ असे हॅगलरला जिंकवले, डेव्ह मोरेटी यांनी ११५-११३ असे लेनर्डला, आणि जो जो गेर्रा यांनी ११८-११० असे लेनर्डला. शेवटच्या आकड्याचा अर्थ, बारापैकी दहा फेऱ्या लेनर्डच्या. हे मात्र कुठल्याही अंगाने पाहिले तरी समर्थनीय नाही, आणि चाहत्यांचा सगळा राग या एका पत्रिकेवर एकवटला आहे. परंतु ती पत्रिका बाजूला ठेवून तिथे कोणताही विवेकी आकडा लिहिला, तरी लढत एका फेरीच्या फरकाची राहते; ती कुणाकडेही झुकू शकत होती. माझ्या हिशेबात पहिल्या चार, सहावी, अकरावी आणि बारावी या सात फेऱ्या लेनर्डच्या, पाच हॅगलरच्या. म्हणजे मोरेटींचाच आकडा. पाचव्या फेरीपासूनची लढत हॅगलरने जिंकली. पण पहिल्या चार फेऱ्या त्याने कोणालाही न विचारता देऊन टाकल्या होत्या. त्या रात्री चोरी झाली असे म्हणणारा माणूस बहुधा ही पहिली बारा मिनिटे विसरलेला असतो.

असे मी जज म्हणून लिहितो. चाहता म्हणून मला हेही माहीत आहे की १९७९ साली अँटुओफर्मोविरुद्ध हॅगलरने पहिला अर्धा भाग जिंकून दुसऱ्यात हात आखडता घेतला, तेव्हा संशयाचा फायदा विजेत्याला मिळाला होता. १९८७ साली तो स्वतः विजेता होता, आणि तेव्हा संशयाचा फायदा आव्हानवीराला मिळाला. लोकांच्या मनात जे सलते ते हे. नियम दोन्ही वेळा बदलले नव्हते, पण दोन्ही वेळा दान त्याच्या विरुद्ध पडले आणि दोन्ही रात्री समोरची झगमगती बाजू लेनर्डची होती.

त्याने पुन्हा लढत मागितली. लेनर्डने मेमध्ये परत निवृत्ती जाहीर केली. हॅगलर वर्षभर थांबला आणि १९८८ च्या जूनमध्ये आपण खेळ सोडल्याचे सांगून इटलीला निघून गेला. मिलानमध्ये घर केले, भाषा शिकला, तिकडच्या चित्रपटांत कामे केली. लेनर्ड त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिंगमध्ये परतला आणि त्यानंतरही येत-जात राहिला. ड्युरान पन्नाशीपर्यंत खेळला, हर्न्सही चाळिशी उलटल्यावर हातमोजे घालत होता. हॅगलर चौतिसाव्या वर्षी गेला तो गेला, मोठमोठ्या रकमा समोर ठेवल्या गेल्या तरी परत आला नाही. या खेळात निवृत्ती म्हणजे पुढच्या कराराआधीची सुट्टी असते. मी शिकवलेल्या मुलांपैकी दोघे थांबायची वेळ टळून गेल्यावरही खेळत राहिले, आणि त्यांच्याशी आज बोलताना शब्द सापडायला त्यांना लागणारा वेळ मी मोजतो. म्हणून हॅगलरबद्दलचा माझा आदर हर्न्सच्या लढतीपेक्षा त्याच्या या न परतण्यावर अधिक उभा आहे.

१३ मार्च २०२१ रोजी न्यू हॅम्पशायरमधील बार्टलेट येथे राहत्या घरी त्याचे अचानक निधन झाले, तेव्हा तो सहासष्ट वर्षांचा होता. पत्नी के यांनी ती बातमी दिली. त्या दिवसांत लशीचा संबंध जोडणारी अफवा पसरली होती. पत्नीने तिचे स्पष्ट खंडन केले आणि मृत्यू नैसर्गिक कारणांनी झाल्याचे त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरही सांगण्यात आले, हे नमूद करून ठेवतो, कारण ती अफवा अजूनही अधूनमधून माझ्यापर्यंत येते.

ती बातमी आली त्या आठवड्यात मी दोन विद्यार्थ्यांना १९८७ ची पूर्ण लढत दाखवली. आवाज बंद ठेवला, निकाल सांगितला नाही आणि दोघांना बारा-बारा ओळी आखलेले कागद दिले. एकाने ११५-११३ असे हॅगलरला जिंकवले, दुसऱ्याने त्याच आकड्याने लेनर्डला. फरक फक्त नवव्या आणि बाराव्या फेरीचा होता. मग त्या दोन फेऱ्या पुन्हा लावल्या आणि दोघांनीही आपापली फेरी उलटी फिरवली: पहिल्याने बारावी लेनर्डला दिली, दुसऱ्याने नववी हॅगलरला. दोघांचेही आकडे ११४-११४, म्हणजे बरोबरीचे, झाले. मी माझा कागद त्यांना दाखवला नाही.